पेटी गावाची, मत ज्याचे त्याचे

जुलै २०२२. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची तयारी चालू होती आणि दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांकडे निघालेल्या विमानांत पहिल्या रांगेतली एक जागा एका अबोल प्रवाशासाठी राखलेली असे. तिकिटावर नाव होते ‘मिस्टर बॅलट बॉक्स’. शेजारी पहाऱ्याला अधिकारी. ही पेटी सामानात टाकायची नाही, क्षणभरही नजरेआड होऊ द्यायची नाही, म्हणून निवडणूक आयोगाने तिला रीतसर प्रवासी केले. १८ जुलैला मतदान झाले आणि राज्याराज्यांतल्या पेट्या आल्या तशाच, खुर्चीत बसून, दिल्लीला परत गेल्या.

पोलादपूरच्या डोंगरात गेलेल्या पेट्यांचे असे लाड कुणी केले नाहीत.

महाड-पोलादपूर म्हणजे खाली सावित्रीचे खोरे आणि वर सह्याद्री. एका बाजूने आंबेनळी घाट महाबळेश्वरला चढतो, दुसऱ्या बाजूने वरंध घाट भोरकडे जातो. मधल्या दऱ्यांत गाव म्हणजे लांब लांब पसरलेल्या चार-पाच वाड्या, आणि वाडी म्हणजे कित्येकदा एकाच आडनावाची वीस-पंचवीस घरे. महाड तालुक्यातले वीर हे गाव त्या मानाने नशीबवान. मुंबई-गोवा महामार्ग जवळ, आणि १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला तेव्हा उत्तरेकडून आलेली गाडी काही काळ इथेच संपायची. मतदानासाठी मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याला विचारा. मत टाकायची शाळा कुठली, खोली कुठली, बाहेर टेबल मांडून चिठ्ठ्या फाडत कोण बसलेला असणार, हे तो गाडीत बसल्या बसल्या सांगेल. कुठल्या घरातून किती मते आणि ती कुणाला, हेही सांगेल. अशा गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे मत ठाऊक असते, निदान प्रत्येकाला तसे वाटते. मतपेटी ही वस्तू काय आहे, ती कशासाठी आहे, हे समजून घ्यायचे तर राजधानीपेक्षा ही जागा बरी.

मतपेटीचे वर्णन एका वाक्यात संपते: वर फट असलेली, कुलूपबंद होणारी, मतपत्रिका टाकायची पेटी. देवळातल्या दानपेटीचेही वर्णन हेच. पण दानपेटीत टाकलेल्या नोटेवर नजर ठेवणारे कुणी असले तरी भक्ताचे बिघडत नाही, उलट बरेच वाटते. मतपेटीला तीन कसोट्या पार कराव्या लागतात. मतदान सुरू होण्याआधी ती रिकामी आहे हे सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना दिसले पाहिजे. आत गेलेला कागद सील फोडल्याशिवाय बाहेर येता कामा नये. आणि बाहेर आल्यावर तो कुणाचा, हे कुणालाही सांगता येता कामा नये. पहिल्या दोन कसोट्या लोहाराच्या आणि कुलूपवाल्याच्या आहेत. खरी तिसरी. मते साठवायला गोणपाटही चालले असते. पेटी लागते ती मत लपवायला, आणि लपवलेले मत इतरांच्या मतांत मिसळून टाकायला. तिच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातल्या बहुतेक सुधारणा, भांडणे आणि लबाड्या या दोन कामांभोवती फिरलेल्या दिसतात.

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने घेत असे. समोर जमीनदाराचा माणूस उभा. कुळाने कुणाचे नाव घेतले ते संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचायचे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने १८५६ मध्ये गुप्त मतदान आणले, ब्रिटनने ते १८७२ च्या कायद्याने स्वीकारले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पाँटिफ्रॅक्ट गावातल्या पोटनिवडणुकीत तिथे पहिल्यांदा पेटीत मते पडली. त्या पेटीला लाखेचे सील करताना शिक्का वापरला तो गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्याचा. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे. त्याआधी अमेरिकेत वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. चोरकप्प्याच्या पेट्या निघाल्या, मतदानाआधीच कागद भरून ठेवलेल्या पेट्या निघाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काचेच्या गोल पेट्या आल्या: पेटी पारदर्शक, मत झाकलेले. ही कल्पना अजून शिळी झालेली नाही.

जमीनदाराचा माणूस समोर उभा असणे म्हणजे काय, हे कोकणाला समजावून सांगायला नको. इथे त्याचे नाव खोत. सारा गोळा करून सरकारात भरायचा हे त्याचे मूळ काम, पण कुळाचे पीक, कुळाची वेठ आणि बऱ्याचदा कुळाचा शब्दही त्याचाच. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेते कसायची नाकारली, ती याच जाचापायी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. म्हणजे कोकणातल्या कुळाच्या हातात १९५२ मध्ये पहिल्यांदा मतपत्रिका आली तेव्हा खोत कागदावरून जाऊन जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. कागदावरून गेलेला खोत गावातून इतक्या लवकर जात नसतो.

आणि महाडला आणखी एक हिशेब होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव निवडून आलेल्या सभासदांचे, दोन्ही रीतसर, आणि तळ्याचे पाणी तरीही बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर सवर्णांनी मारहाण केली, तळे ‘शुद्ध’ करून घेतले, दिवाणी दावा लावला. तो दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला १७ मार्च १९३७ ला, दलितांच्या बाजूने. नेमक्या महिनाभर आधी, १९३५ च्या कायद्याखालच्या पहिल्या प्रांतिक निवडणुकीत, बाबासाहेब मुंबईतून निवडून आले होते आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने उभे केलेल्या सतरांपैकी बहुतेक उमेदवार जिंकले होते. तेव्हाचा मताधिकार मात्र सारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर बेतलेला होता. तळ्यावर गेलेल्यांपैकी फार थोड्यांना तो असणार.

म्हणून १९५२ ची पेटी महाड तालुक्यात इतर कुठल्याही तालुक्यासारखीच होती असे म्हणणे थोडे कोरडे होईल. पाण्याला हात लावू नये म्हणून जिथे डोकी फुटली, तिथे पंचवीस वर्षांनी सगळ्या वाड्यांचे, सगळ्या आळ्यांचे हात त्याच पेट्यांच्या त्याच फटींपाशी येऊ लागले आणि आत पडलेला कागद कुठल्या आळीतला हे ओळखायची सोय उरली नाही. तळ्याच्या शुद्धीकरणासाठी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या होत्या. पेटीचे शुद्धीकरण करायला कुणी धजला नाही. कायद्याची ताकद तर होतीच, पण मिसळलेल्या मतांतून वेगळे काय काढणार, हीही अडचण होती.

ही पेटी आली कुठून? बहुतांशी मुंबईतून. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी होती आणि त्यांतल्या दहांपैकी आठांहून अधिकांना वाचता येत नव्हते. देशभरच्या पेट्यांना ८,२०० टन पोलाद लागले. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्याने एकट्याने बारा लाखांहून अधिक पेट्या बनवल्या, एकीचा भाव पाच रुपये. बाहेरून कुलूप लावायचे तर पाच रुपयांत बसेना. तेव्हा कारखान्यातल्याच एका कामगाराने आतल्या आत बसणारी कळ सुचवली आणि अंदाजपत्रक सावरले. विक्रोळी स्थानकातून गाड्या भरभरून पेट्या राज्याराज्यांत गेल्या. मतपत्रिका छापल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसने, आकाराने रुपयाच्या नोटेएवढ्या. भारतीय लोकशाहीचा कच्चा माल असा निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात तयार झाला, याचा गवगवा आपण फारसा केला नाही हे एक आश्चर्यच. एरवी आपण कशाचा करत नाही!

त्या वेळची मतदानाची पद्धत आजच्या वाचकाला चक्रावून टाकेल. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नव्हती, चिन्हे नव्हती, शिक्का मारायचा नव्हता. उमेदवार तितक्या पेट्या आडोशामागे ओळीने मांडलेल्या. प्रत्येक पेटीवर त्या त्या उमेदवाराचे चिन्ह चिकटवलेले: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतदाराने कोरी मतपत्रिका घ्यायची, आडोशामागे जायचे आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकून बाहेर यायचे. याचे मूळ १९३७ मध्ये सापडते. तेव्हा मद्रास प्रांतात उमेदवारागणिक रंगाची पेटी असे आणि काँग्रेसची पिवळी पेटी तमिळ खेड्यांत घोषणा होऊन बसली होती.

निरक्षर मतदाराला ही पद्धत सोपी गेली, इतकी की काही जणांनी पेटीलाच देव्हारा मानले. मोजणीच्या वेळी मतपत्रिकांबरोबर पेट्यांतून नाणी निघाली, फुले निघाली, चिठ्ठ्या निघाल्या, चिठ्ठ्यांत कुठे विनंती तर कुठे शिव्या. सरकारकडे काही मागायचे तर मागणी टाकायची जागा हीच, असे लोकांना वाटले असेल तर त्यात हसण्यासारखे फार नाही.

खोड दुसरीच होती. मतपत्रिकेवर खूण करायचीच नसल्यामुळे ती पेटीत न टाकता कनवटीला लावून बाहेर आणता येई. बाहेर उभा असलेला दलाल ती विकत घेई आणि कुणाच्या तरी हाती दहा-वीस मतपत्रिका एकदम आत पाठवी. म्हणजे कागद कुणाचा हे लपले, पण कागदाची किंमत बाजारात आली. आडोशामागे पेट्या अनेक आणि पाहणारा कुणी नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पेटीवरचे चिन्ह खरवडून टाकणेही अवघड नव्हते.

या अनेक पेट्यांच्या पद्धतीचा सर्वांत मोठा घाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका नावाशी जोडलेला आहे. जानेवारी १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर दुसरी बाद. हा नियम समजून घेऊन पाळणे घाईत आलेल्या गिरणी कामगाराला सोपे नव्हते, आणि तो मुद्दाम मोडायला सांगणेही शक्य होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब चौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. बाद झालेली मते सत्तर हजारांवर होती. मत वाया घालवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आरोप करत बाबासाहेबांनी आणि सर्वसाधारण जागेवर हरलेले समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, ती टिकली नाही. बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई विधिमंडळातून राज्यसभेवर गेले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. घटनेच्या शिल्पकाराच्या पराभवात पेट्यांच्या मांडणीचा वाटा किती आणि राजकारणाचा किती, यावर वाद घालणारे आजही भेटतात. बाद मतांचा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट होता, एवढे समोर ठेवल्यावर मांडणीचा वाटा शून्य म्हणणे कठीण जाते.

त्याच निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हाचे अर्थमंत्री. जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा, रायगडाच्या वाटेवरचा. चार वर्षांनी, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावर त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५७ मध्ये कुलाब्याच्या पेट्या उघडल्या तेव्हा काँग्रेसच्या जागी शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत निवडून आले होते. संयुक्त महाराष्ट्राचा राग त्या पेट्यांतून मोजला गेला.

१९५७ ला जुन्याच पेट्या पुन्हा वापरल्या गेल्या आणि खर्च वाचला. १९६२ पासून पद्धत बदलली. सगळ्या उमेदवारांची नावे-चिन्हे असलेली एकच मतपत्रिका, फुलीचा रबरी शिक्का, घडी, आणि सगळ्यांची एकच पेटी. आज ‘मतपेटी’ म्हटल्यावर चाळिशीपुढच्या माणसाला जे आठवते ते हे. मतपत्रिकेची घडी कशी घालायची यावर शिक्षकांचे प्रशिक्षण होई, कारण शिक्क्याची ओली शाई घडीमुळे दुसऱ्या चिन्हावर उमटली तर मोजणीच्या टेबलावर भांडण ठरलेले. शाईची खूण कुठली आणि मूळ शिक्का कुठला हे ओळखण्यात जुने कारकून तरबेज झाले होते.

केंद्राध्यक्षाचे काम तेव्हा निम्मे सुतारकीचे असे. सकाळी पेटी उघडून, उलटी करून, एजंटांना रिकामी दाखवायची. क्रमांक छापलेली कागदी पट्टी झाकणाच्या खाचेत बसवायची, तिच्यावर एजंटांच्या सह्या घ्यायच्या, आत एक आणि बाहेर एक पत्त्याची चिठ्ठी. झाकण बसले की पट्टी फाडल्याशिवाय ते उघडत नाही. संध्याकाळी फट बंद करायची, सुतळी, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का. मग हिशेब: आलेल्या मतपत्रिका, वापरलेल्या, उरलेल्या, बिघडलेल्या. डोंगरातल्या शाळेत हे सगळे कंदिलाच्या उजेडात उरकून, पेटी घेऊन खाली गाडीपर्यंत उतरायचे, आणि तालुक्याच्या गावी पोचल्यावर पावती मिळाल्याशिवाय सुटका नाही. निवडणुकीच्या कामाला गेलेले मास्तर पुढे वर्षभर त्या रात्रीच्या गोष्टी सांगत, ते उगाच नाही.

भाषेत पेटी इतकी मुरली की यंत्र आले तरी ती बाहेर पडली नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचा मथळा आजही ‘उमेदवारांचे भवितव्य मतपेटीत बंद’ असाच असतो. नाराज माणूस ‘पेटीतून दाखवून देऊ’ म्हणतो. ‘बटणातून दाखवू’ म्हणणारा अजून भेटायचा आहे. मतपेटी आणि मतपेढी यांत मात्र वर्तमानपत्रेही गल्लत करतात. मतपेढी म्हणजे एखाद्याच्या शब्दावर पडणारी गठ्ठा मते, समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यावर लिहिताना ही कल्पना मांडली. गंमत अशी की दोन्ही एकमेकींच्या वैरिणी आहेत. पेटी चोख असेल तर पेढीवाल्याला आपल्या ठेवी खऱ्या किती ते कळतच नाही. मुंबईच्या बोलीत ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, हे निवडणुकीच्या संदर्भात सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा ऐकलेल्या महाराष्ट्राला तर नाहीच नाही.

यंत्राची गोष्ट थोडक्यात. १९८२ मध्ये केरळच्या परावूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर मतदानयंत्र पहिल्यांदा वापरले, सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये ते अडवले, मग कायदा दुरुस्त झाला. १९९९ मध्ये गोवा विधानसभेची निवडणूक संपूर्ण यंत्रावर झाली आणि २००४ मध्ये देशभर लोकसभेची. पेट्या पळवणे, शाई ओतणे, दहा मिनिटांत पाचशे शिक्के मारणे हे प्रकार यंत्राने जवळपास संपवले. बाद मतेही गेली. हा फायदा लहान नाही.

पण यंत्र येताना पेटीचे एक काम हळूच निसटले. कागदाच्या काळात एका केंद्राच्या मतपत्रिका दुसऱ्या केंद्रांच्या मतपत्रिकांत मिसळता येत. निवडणूक संचालन नियमांतला ५९अ हा नियम त्यासाठीच आहे: मतदारांवर सूड उगवला जाईल अशी भीती असेल तिथे सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजाव्यात. यंत्राचे तसे नाही. प्रत्येक यंत्र आपल्या केंद्राचा आकडा सांगते आणि निकालपत्रकात तो केंद्रनिहाय छापला जातो. दादरला, ठाण्याला याचे काही वाटत नाही. पोलादपूरच्या डोंगरात, जिथे एका केंद्रावर काहीशेच मतदार असतात, तिथे निकालाच्या दुपारी वाडीचे मत उघडे पडते. माणूस लपला, वाडी सापडली. मग पुढच्या पाच वर्षांत साकव कुठे होतो आणि पाण्याची टाकी कुठल्या वाडीला मिळते, याची कारणे गावकरी स्वतःच लावतात. अनेक यंत्रांचे आकडे एकत्र करूनच दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून आलेले नाही. गुप्त मतदानाच्या बाजूने बोलणारे काही पक्ष केंद्रनिहाय आकडे सोडायला मात्र नाखूश असतात, आणि का ते उघड आहे: पुढच्या वेळी कुठल्या वाडीत किती खर्च करायचा याचा तो तयार नकाशा असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी विधानसभेच्या निकालानंतर स्वतःच कागदी मतपत्रिकांवर ‘फेरमतदान’ घ्यायचे ठरवले, प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले, आणि एका खेड्याचे नाव देशभर गेले. यंत्रावरचा अविश्वास हा त्या प्रकरणाचा एक भाग झाला. दुसरा भाग कुणी फारसा बोलून दाखवला नाही. गावाच्या मतांचा आकडा गावाला वेगळा कळला, म्हणून तर तो नाकारता आला. कागदाकडे परत जाण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्येच फेटाळली होती. आणि कागद म्हणजे पावित्र्य, असे समजणाऱ्यांसाठी त्याच वर्षीची चंडीगडच्या महापौरपदाची निवडणूक आहे: मतदार जेमतेम तीन डझन, मते कागदावर, आणि मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवणारा खुद्द निवडणूक अधिकारी, कॅमेऱ्यासमोर. निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला.

चिन्हाचा प्रश्न तर पेटीपासून यंत्रापर्यंत तसाच चालत आला. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात, ज्यात महाड येते, अनंत गीते सुनील तटकरेंवर २,११० मतांनी निवडून आले. तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली होती. नाव वाचणाऱ्याने घोटाळा केला. १९५२ चा निरक्षर मतदार, पेटीवरचे चित्र पाहून मत टाकणारा, कदाचित फसला नसता. पुढच्याच वर्षापासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवारांची छायाचित्रे छापायचा आदेश निघाला. म्हणजे साठहून अधिक वर्षांनी पुन्हा चित्राचाच आधार.

पत्र्याची पेटी मात्र मोडीत निघालेली नाही. कोकण शिक्षक आणि कोकण पदवीधर मतदारसंघांच्या विधान परिषद निवडणुकांत ती दर सहा वर्षांनी बाहेर निघते, कारण तिथे पसंतीक्रम आकड्यांत लिहायचा असतो. उमेदवार वाढले की मतपत्रिका वर्तमानपत्राच्या घडीएवढी होते आणि मग नेहमीच्या पेटीऐवजी जम्बो पेटी मागवावी लागते. लिहायचे ते केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. स्वतःचे पेन वापरले तर मत बाद. शिकल्यासवरल्या मतदारांच्या या निवडणुकीत बाद मते भरपूर निघतात, आणि त्यात शिक्षकही मागे नसतात. पतपेढ्या, सहकारी सोसायट्या, वकिलांच्या संघटना यांच्या निवडणुकाही बहुतांशी पेटीवरच चालतात. राज्यसभेला पेटी आहे, पण तिथे आमदाराने मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकायचे. पेटी ठेवली आणि तिचे काम काढून घेतले, याचे हे सरकारी उदाहरण.

पेटीचे काम सर्वांत निखळ स्वरूपात दिसते ते वेगळ्याच एका मतदानात, ज्यात उमेदवार नसतो. गावातले किंवा वॉर्डातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर महाराष्ट्रात पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग प्रशासन गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर पुरेसे शिक्के पडले तर दुकान बंद. इथे समोर खोत नाही, पक्षाचा एजंट नाही, आडनावांचा हिशेब नाही. ज्याच्यापासून मत लपवायचे तो पुष्कळदा घरातच असतो, आणि सकाळी ‘कुठल्या बाटलीवर मारणार’ असे विचारूनही झालेले असते. बाई ‘तुम्ही म्हणाल तिथे’ म्हणते, रांगेत उभी राहते, आडोशामागे जाते. मतदान हात वर करून घ्यायचे ठरले असते, तर महाराष्ट्रातली कित्येक दुकाने आज चालू असती.